पांढऱ्यावर पांढरा मेंढा

१

"तुमच्या नावाचं पत्र आम्ही पाठवलेलंच नाही," अल्माटीहून बाई म्हणाल्या. "निवड व्हायलाच अजून वेळ आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

आयझिरेकने फोन माझ्या टेबलावर मोठ्या आवाजात लावून ठेवला होता. सोमवारी नव्या नोकरीवर कुठल्या मजल्यावर हजर व्हायचं, एवढंच तिला विचारायचं होतं. आमच्याकडची तिची नोकरी तीन दिवसांपूर्वीच संपली होती आणि ती आपली कागदपत्रं न्यायला आली होती. फोन बंद झाला तरी ती त्याच्याकडेच बघत राहिली.

"एजे," ती म्हणाली, "मग ते पत्र कुणाचं?"

मी झूरा असानोव्हना; इथली पोरं मला एजे, म्हणजे ताई म्हणतात. अर्धं आयुष्य मिलिशियात, म्हणजे पोलिसात, तपासनीस म्हणून काढलं. निवृत्तीनंतर बिश्केकच्या या नकाशा-कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या फायली सांभाळते. लोकांना वाटतं, बाई आता निवांत आहे. पण नोकरदार माणूस चोरापेक्षा सफाईने खोटं बोलतो, त्यामुळे माझा हात अजून चांगला बसलेला आहे. आयझिरेकचा चेहरा पाहिला आणि मी दार लावून घेतलं.

झालं होतं ते असं. मंगळवारी सकाळी तिला मेल आला: अल्माटीच्या हिमनद्यांच्या संशोधन केंद्रात तुमची नेमणूक झाली आहे, सध्याच्या नोकरीतून आजच मोकळ्या होऊन तसं कळवा, पत्र सोबत जोडलं आहे. ती खुर्चीवरून उडालीच. दहा मिनिटांत राजीनामा लिहिला, संचालकांच्या खोलीत गेली आणि मोकळी होऊन बाहेर आली. बाहेर पडताना दारातून मोठ्याने म्हणालीसुद्धा, "त्या तळ्याकाठची रेघ आता तुम्हीच ओढा!" अख्ख्या हॉलने ते ऐकलं.

आता तिच्याकडे ना ती नोकरी होती ना ही. घरी आजारी आई आणि तीन वर्षांची मुलगी. नवरा कधीच निघून गेलेला.

"कुणीतरी थट्टा केली माझी," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं. "एजे, आपल्याकडे थट्टा करणारा एकच आहे."

२

ती कुणाचं नाव घेतेय हे सांगायची गरज नव्हती. रिनात. आमचा तातार, तिशीचा, लग्नाचं वय उलटत चाललेला आणि डोक्यात सतत किडे वळवळणारा. कुणी मशीन उघडं ठेवून चहाला गेलं की त्याच्या नावाने सगळ्यांना संदेश जायचा, "आज सामसे माझ्याकडून!" मग त्या बापड्याला ते मटणाचे समोसे खरोखरच आणावे लागायचे. रिनातने माझ्या माउसच्या पोटाला कागद चिकटवला होता. आयझिरेकच्या शेजारच्या तोल्कुनच्या स्क्रीनचा फोटो काढून तोच मागे लावला आणि खरी चिन्हं लपवली, तेव्हा ती सकाळभर चित्रावर क्लिक करत बसली. प्रत्येक खोडीवर त्याची सही असायची: वळलेल्या शिंगांचा एक छोटा मेंढा.

पण रिनातचा एक कायदा होता आणि तो स्वतः तो कडक पाळायचा. खोडी चहापर्यंतच. संध्याकाळच्या चहाला सगळे जमले की उठून सांगायचं, "मी केलं," आणि शिव्या खायच्या. या खोडीला तीन दिवस झाले होते आणि तीन चहा होऊन गेले होते. कुणीही उठलं नव्हतं.

मी थेट संचालकांकडे गेले. सागिनबेक जुमाबायेविच, रुबाबदार माणूस, चांदीच्या मुठीचा चाबूक भिंतीवर टांगून ठेवणारा. त्या दिवसांत फोन त्याच्या हातातून सुटत नव्हता. ओशला असलेल्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं, पहिलंच नातवंड.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "लाज वाटते मला माझ्या कार्यालयाची! झूरा असानोव्हना, तुम्ही तपासनीस होतात. शोधून काढा. जो कोणी असेल तो उद्या इथे दिसणार नाही."

"आधी पोरीचा राजीनामा रद्द करा की."

"तो कसा करू? मी सही केली. तिची दोन आठवड्यांची मुदतसुद्धा मी माफ केली, तिच्या भल्यासाठी. शिवाय जाताना ती सगळ्यांसमोर काय बोलली ते तुम्ही ऐकलंत. माझाही काही मान आहे."

खोलीत नजर फिरवणं ही माझी जुनी खोड. काचेच्या कपाटात त्याची सगळी सुयुंचूची लूट मांडलेली होती. आनंदाची बातमी आली की आमच्यात "सुयुंचू!" ओरडून पहिल्या झटक्यात काहीतरी हक्काने घ्यायचं असतं, आणि ज्याचा आनंद त्याने हसत द्यायचं असतं. सागिनबेक त्यात सगळ्यांचा बाप. कार्यालयातल्या पावेलच्या गाडीला नवे टायर आले तेव्हा याने त्याचा लायटर घेतला होता. तोल्कुनच्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा तिचं पेन. एका गिऱ्हाइकाच्या घोड्याने शर्यत जिंकली तर त्याची टोपीच काढून घेतली होती! खिडकीच्या कट्ट्यावर चॉकलेटचा एक खोका होता, लाल रिबीन बांधलेला. साहेब मात्र चहाबरोबर कोरडा पाव चघळत होते.

"कायद्याची मदत लागली तर विचारते," उठताना मी म्हणाले.

"कायदा तुम्हीच मला शिकवता!" तो हसला. ते खरं होतं. हिवाळ्यात त्याने एका बैठकीत मला तीन प्रश्न विचारले होते: उशिरा येणाऱ्याचा पगार कापता येतो का, लहान मूल असलेल्या एकट्या बाईला कामावरून काढता येतं का, आणि कार्यालयात वाळवलेले मासे खायला बंदी घालता येते का. तिन्हींना मी नाही म्हणाले होते. माशांचं त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं होतं.

खाली आले तर रिनात माझ्याच दारात उभा.

३

"एजे, मी नाही केलं," तो म्हणाला.

"मी अजून विचारलंही नाही."

"सगळे माझ्याकडे बघतायत. पावेलने तर मला नमस्कारसुद्धा केला नाही." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "मी माणसाला हसवतो, एजे. कुणाच्या चुलीत पाणी ओतत नाही."

"आयझिरेकने अल्माटीला अर्ज केलाय हे तुला माहीत होतं?"

"होतं. तिच्या स्क्रीनवर पाहिलं होतं. पण मी कुणाला बोललो नाही. नजर लागते म्हणून ती लपवत होती, मग आपण कशाला तोंड उघडा?"

मग त्याने एक चमत्कारिक प्रश्न विचारला. "ते पत्र तुम्ही छापलेलं पाहिलंत की फाइल आहे तुमच्याकडे?"

"का रे?"

"असंच."

ज्याला काही लपवायचं नसतं तो 'असंच' म्हणत नाही. मी त्याला जाऊ दिलं आणि ती गोष्ट मनात ठेवली.

पावेल आमची मशीनं सांभाळतो. साठीचा रशियन, इथेच जन्मलेला, आमच्या चालीरीती आमच्यापेक्षा काटेकोर पाळणारा. "पत्ता बघ," तो मला म्हणाला, "केंद्राच्या नावासारखाच दिसतो, पण फुकटच्या ठिकाणी नवा उघडलेला आहे. कुणीही उघडू शकतं. तूसुद्धा."

"मी उघडला असता तर तुला आधी विचारलं असतं, की कसा उघडतात."

तो हसला, पण पुढे म्हणाला, "झूरा, जो कोणी आहे त्याला अर्जाची बातमी होती. मला नव्हती. शपथ घेऊ?"

"नको. तू मंगळवारी तिचा कॅक्टस उचलून नेलास, तेवढं पुरे."

"सुयुंचूच होतं ते! हक्काचं!" तो ओशाळला. "आज परत ठेवला मी. घरात ठेवायला कसंतरीच वाटायला लागलं."

राहिली तोल्कुन. आयझिरेकच्या शेजारी बसणारी, तिची मैत्रीण आणि प्रतिस्पर्धीही. आयझिरेक गेली तर कुरणांच्या नकाशांचा विभाग तिच्याकडेच येणार होता. मंगळवारी तो मेल सगळ्यांत आधी तिनेच वाचला होता, "सुयुंचू" ओरडत आयझिरेकच्या गळ्यातला रेशमी रुमाल ओढून घेतला होता, आणि नंतर तोच गळ्यात बांधून दिवसभर मिरवली होती.

"मला तिची खुर्ची हवी होती," तोल्कुन सरळ म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण ती अल्माटीला गेल्यावर हवी होती. अशी नको."

"तिचं संचालकांशी काय बिनसलं होतं?"

"तळ्याकाठचं कुरण. गावच्या मेंढ्यांचं आहे. साहेबांना हद्दीची रेघ जरा आत घ्यायला हवी होती. त्यांच्या मेव्हण्याला तिथे हॉटेल बांधायचंय. आयझिरेक म्हणाली, मी स्वतः चालून मोजलंय, रेघ हलणार नाही. दोन महिने तो नकाशा तसाच पडून आहे. आता माझ्याकडे येईल." तिने सुस्कारा सोडला. "एजे, मला दोन पोरं आहेत. मी आयझिरेक नाही."

अर्ज माहीत असलेली माणसं मी मनात मोजली. तोल्कुनला मैत्रीण म्हणून. रिनातला स्क्रीनवरून. मला, कारण तिच्या शिफारसपत्रावर शिक्का मी मारला होता. आणि संचालकांना, कारण त्यावर सही त्यांची होती.

मी ते खोटं पत्र तिघांच्या मशीनवर पाठवलं. म्हटलं, शांतपणे वाचा, लिहिण्याची ढब कुणाची वाटते ते सांगा. दोन मिनिटांत तोल्कुनच्या टेबलाकडून किंकाळीच आली.

४

तोल्कुनचे डोळे दुखतात, म्हणून तिचा स्क्रीन कायम काळा असतो. पान काळं आणि अक्षरं पांढरी. बाकी सगळ्यांनी ते पत्र पांढऱ्या पानावर वाचलं होतं. तिच्या काळ्या पानावर, मजकूर संपल्यानंतर अगदी तळाशी, बारीक पांढऱ्या रेघांत एक मेंढा उभा होता. वळलेली शिंगं, फुगलेले गाल, मिस्कील डोळे.

पांढऱ्या कागदावर पांढरा मेंढा कुणाला दिसणार?

"रिनात!" पावेल गरजला. "अरे, सहीसुद्धा केलीस?"

रिनातचा चेहरा पिठासारखा झाला. तो काहीतरी बोलायला गेला, त्याने वर संचालकांच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटलं. एरवी ज्याची जीभ एक क्षण टाळ्याला लागत नाही तो गडी मुक्याने आपल्या जागेवर जाऊन बसला.

बातमी वर जायला वेळ लागला नाही. संचालक जिन्याच्या टोकाशी येऊन उभे राहिले. "तर हे असं आहे," ते म्हणाले. "वर्षभर मी ही माकडचेष्टा खपवून घेतली. झूरा असानोव्हना, तुमचे आभार. हुकूम मी स्वतः लिहून पाठवतो. तुम्ही नोंद करा, शिक्का मारा. सोमवारी हा माणूस इथे नको."

हुकूम संचालक कायम स्वतःच टाइप करायचे, दोन बोटांनी, खोलीला आतून कडी लावून. फाइल माझ्याकडे यायला अर्धा तास लागला. मी ती उघडली, वाचली आणि शिक्का हातात घेतला.

शिक्का मारला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. रिनात गेला असता, आयझिरेक तर गेलेलीच होती, आणि तळ्याकाठची रेघ तोल्कुनने मान खाली घालून ओढली असती. सगळे म्हणाले असते, बघा, मस्करीची कुस्करी झाली. पण माझं मन घेईना. आयुष्यभर मी गुन्हेगारांच्या सह्या शोधल्या. स्वतःहून सही करून देणारा मला एकही भेटला नव्हता. शिक्का खाली ठेवून मी हॉलमध्ये गेले.

५

आयझिरेकचं टेबल खिडकीजवळ आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत ते रिकामं होतं. आता त्यावर वस्तू जमल्या होत्या. एकेकाने येऊन, कुणाला काही न सांगता, मंगळवारची सुयुंचू परत ठेवली होती. तोल्कुनने रेशमी रुमाल घडी घालून ठेवला होता. पावेलचा कॅक्टस होता. रिनातने तिचा आवडता निळा मग घासूनपुसून ठेवला होता. तीन दिवस तो त्याच मगातून चहा पीत होता आणि तिची नक्कल करत होता. माझी छत्रीही तिथेच होती. म्हणजे तिची छत्री; मीही काही कमी नाही.

मी त्या टेबलासमोर बराच वेळ उभी राहिले. खोटी बातमी होती म्हणून प्रत्येकाने घेतलेलं परत केलं होतं. पण एकाचं काहीच तिथे नव्हतं.

चॉकलेटचा खोका. लाल रिबीन बांधलेला. मंगळवारी आयझिरेक तो घेऊन आधी वर गेली होती. साहेबांना गोड आवडतं म्हणून तिने तो खणात राखून ठेवलेला. तो खिडकीच्या कट्ट्यावर तसाच पडला होता, रिबीन न सोडता, आणि साहेब पाव चघळत होते. टायरसाठी लायटर घेणारा माणूस! परत करायला त्याने आधी घ्यायला तरी हवं ना?

मी रिनातला माझ्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

"बस. मंगळवारी तू मग घेतलास, त्यातून तीन दिवस चहा प्यायलास. ते पत्र तू लिहिलं असतंस तर तो मग तू हातात धरला नसतास. तेवढा मी तुला ओळखते. आता मला सांग, हा मेंढा आणखी कुठे चरतो?"

तो रडायच्या बेतात आला. "एजे, तुम्हाला कुणाचा संशय आहे ते आधी सांगा."

मी वर, छताकडे बोट केलं.

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की माझे कागद हलले. "हिवाळ्यात साहेबांनी मला नकाशांचा प्रोग्राम टाकायला बोलावलं होतं. ते फोनवर बोलायला बाहेर गेले. मी त्यांच्या मशीनवर एक गंमत केली. तिथे जे नवं पान उघडेल त्याच्या तळाशी पांढरा मेंढा येतो. छापला तरी दिसत नाही. वाढदिवसाला सगळ्यांसमोर सांगणार होतो. पण त्यांचा वाढदिवस आला तेव्हा ते चिडलेले होते, म्हणून राहिलं."

"तुझाच कायदा मोडलास. चहापर्यंत सांगायचं."

"मोडला," तो म्हणाला. "आणि आज सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला असता? मेंढा माझा. मान आधी माझीच गेली असती. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर तो नाही, एजे. फक्त तिथे."

मी माझ्या मशीनकडे वळले. "पान काळं कसं करतात ते दाखव."

त्याने दाखवलं. मी संचालकांकडून अर्ध्या तासापूर्वी आलेली फाइल उघडली, रिनातला काढून टाकण्याचा हुकूम. खाली, सहीच्या जागेच्याही खाली, मेंढा माझ्याकडे बघून हसत होता.

६

चहाला सगळे जमले. बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळलेले होते, पण कुणी हात लावत नव्हतं. मी संचालकांनाही खाली बोलावलं. म्हटलं, हुकूम सगळ्यांसमोर वाचूया, म्हणजे धडा बसेल. ते खूश होऊन आले. त्यांच्या पाठोपाठ निघताना मी त्यांच्या खोलीतून एक वस्तू उचलून आणली आणि टेबलाखाली ठेवली.

"तोल्कुन, तुझ्या काळ्या स्क्रीनवर हे तीन कागद उघड," मी म्हणाले. "पहिलं ते खोटं पत्र."

मेंढा.

"दुसरा, आजचा हुकूम. साहेबांनी स्वतः लिहिलेला."

मेंढा. पावेलच्या हातातला चमचा बशीत पडला.

"तिसरा, आयझिरेकचा राजीनामा स्वीकारल्याचा हुकूम. हाही त्यांचाच."

तिथेही तोच. आता आणखी पुरावा लागतच नव्हता. रिनात उठून उभा राहिला, त्याच्या जुन्या कायद्याप्रमाणे. "मी केलं," तो म्हणाला. "मेंढा मी घातला, साहेबांच्या मशीनवर. त्यांच्याच एकट्याच्या."

संचालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. "म्हणजे हा माझ्या खोलीत शिरतो! पत्रही यानेच माझ्या मशीनवर लिहिलं!"

"तुमची किल्ली तुमच्या कमरेला असते, आणि कामाला बसलात की कडी आतून लागते. हिवाळ्यात तुम्हीच त्याला बोलावलंत, त्यानंतर तो तिथे गेलेला नाही. बरं, तेही सोडा. सागिनबेक जुमाबायेविच, हा खोका कुणाचा?"

मी लाल रिबिनीचा खोका बोरसोकच्या शेजारी ठेवला.

"आयझिरेकने आणून दिला होता," ते म्हणाले. "मी रागावलो होतो तिच्यावर. ती तसं बोलली म्हणून..."

"ती तसं बोलली ते जाताना. खोका दिला तो आत आल्या-आल्या, तेव्हा तुम्ही हसून तिचं अभिनंदन केलंत आणि मुदतसुद्धा माफ केलीत. दार उघडं होतं, सगळ्यांनी ऐकलं. या घरात आनंदाची बातमी आली की सगळ्यांत आधी तुमचा हात पुढे येतो. रिनातने मग घेतला. तोल्कुनने रुमाल घेतला. पावेलने काटे टोचून घेत कॅक्टस नेला. मी छत्री नेली. कारण आम्हाला ती बातमी खरी वाटली होती. एका माणसाने मात्र सुयुंचू घेतलं नाही. ती बातमी खोटी आहे हे मंगळवारी सकाळी ज्या एकालाच माहीत होतं, त्याने."

मी खोका त्यांच्यापुढे सरकवला.

"एकट्या आईला तुम्हाला काढता येत नव्हतं," मी म्हणाले. "मीच नाही म्हणाले होते, मासे आणि पगार यांच्या मध्ये लपवून विचारलंत तेव्हा. म्हणून तिने स्वतःच्या हाताने राजीनामा लिहिणं भाग होतं. आणि रिनातच्या खोड्यांमुळे सगळ्यांना ती थट्टाच वाटली असती. चांगला बेत होता. तुमच्या हातून एवढंच झालं नाही, की त्या खोक्याची रिबीन सोडायची."

ते खोक्याकडे पाहत होते. हातातला फोन त्यांनी घट्ट धरला होता आणि मला एकदम कळलं की का. ओशहून खरी बातमी यायची होती. ज्याच्या घरी बाळ येणार आहे, तो खोट्या बातमीच्या गोडाला कसा हात लावेल? माणूस पार वाया गेलेला नव्हता, आणि त्याचा मला राग अधिकच आला.

"काय हवंय तुम्हाला?" ते हळू आवाजात म्हणाले.

"तुमच्या मशीनवर एक नवा हुकूम लिहा. राजीनामा फसवून घेतला होता म्हणून रद्द, आयझिरेक तिच्या जागेवर, कुरणाचा नकाशा तिच्या मोजणीप्रमाणे. नाहीतर हे तिन्ही कागद मी कामगार निरीक्षकांकडे आणि गावच्या कुरण समितीकडे नेते. मेंढ्यासकट."

त्यांनी दार उघडं ठेवून तो लिहिला. दोन बोटांनी, चुका करत. सही करताना त्यांनी विचारलं, "आणि माझ्या घरी बातमी आली की? इथून कुणी येईल?"

"मी येईन सुयुंचू मागायला," मी म्हणाले. "बाळाचा काय दोष?"

खाली रिनात सगळ्यांना विचारत होता की मेंढ्याचा दंड म्हणून किती सामसे आणायचे. पावेलने त्याला दोन्ही हातांनी नमस्कार केला, मग एक धपाटा घातला आणि सांगितलं की महिनाभर रोज आणायचे.

७

आयझिरेक शहराच्या कडेला, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ राहते. दार तिने अर्धंच उघडलं. आतून मुलीचा आणि आजीचा आवाज येत होता.

"एजे, माफ करा," ती म्हणाली. "कुणी सापडलं असेल तर ते मला ऐकायचं नाही. आणि चांगलं काही सांगायला आल्या असाल तर तेही नको. मंगळवारी मी आईला उठवून नाचवलं होतं. आज खरं कळल्यापासून ती माझ्याकडे बघत नाही. आता या घरात चांगली बातमी आणू नका."

मी आयुष्यात पुष्कळ दारं वाजवली आहेत, आणि दारात काय बोलायचं ते मला कुणी शिकवायची गरज नाही. हुकूम माझ्या पिशवीत होता. तो काढून वाचता आला असता. पण लिहिलेल्या पत्राने एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा कागदच काय दाखवायचा?

मी पिशवी उघडलीच नाही. उजवा हात पुढे केला, तळवा वर करून.

"सुयुंचू," मी म्हणाले. "आधी दे, मग सांगते."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मी हात मागे घेतला नाही. खोटं असतं तर झूरा असानोव्हनाने हात पुढे केला नसता, हे तिला माहीत होतं. मी अजून एक अक्षरही सांगितलं नव्हतं आणि तिचे डोळे भरून आले.

"आई!" ती आत वळून ओरडली. "आई, उठ! एजेला काय देऊ?"